सूज की वाढ

कनेरगाव नाका
२७ ऑगस्ट २०२५

दादा,

भिक्खूला पत्र लिहिताना 'भंते' लिहायचं असतं, हे मला माहीत आहे. पाकिटावर तसं लिहिलं आहे. आतल्या कागदावर लिहिणार नाही.

दोन वर्षांनी लिहिते आहे. तुमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने फोन कार्यालयातच ठेवतात, त्यामुळे फोन करावा की नाही हा प्रश्न आपोआप मिटला.

माहिती देण्यासाठी हे पत्र आहे. गेल्या वर्षी आईचं उजवं मूत्रपिंड काढलं, ते मी तुमच्या कार्यालयाला कळवलं होतं. तोच कर्करोग जूनमध्ये डोक्यात सापडला. शाळेत मुलांना खिचडी वाढताना तिच्या डाव्या हातातून ताट दोनदा सुटलं, म्हणून स्कॅन केला. मेंदूत उजवीकडे, खोल, १९ मिलिमीटरची गाठ. कापून काढता येईल अशी जागा नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुरू केली. दर तीन आठवड्यांनी एक सलाईन. ३० जून, २१ जुलै आणि ११ ऑगस्टचं झालं.

परवा सोमवारी त्यानंतरचा पहिला एमआरआय झाला. हिंगोलीला, मी काम करते त्याच सेंटरमध्ये, कारण जूनचाही तिथेच झाला होता आणि तुलना करायची तर मशीन तेच लागतं. गाठ आता २७ मिलिमीटर दिसते.

याचा अर्थ गाठ वाढली असा होईलच असं नाही. हे औषध स्वतः गाठीला मारत नाही. ते शरीराच्याच पेशींना जागं करतं, आणि त्या पेशी गाठीत घुसल्या की तिथे सूज येते. चित्रात सूजही पांढरी दिसते आणि वाढही पांढरी दिसते. दोन्हींत फरक करायचा तर त्या जागेत रक्त किती खेळतं ते मोजावं लागतं. वाढणारी गाठ रक्त ओढते, सूज तेवढं ओढत नाही. ते मोजण्याची सोय आमच्या मशीनवर आहे. पण तो भाग नीट आला नाही. आईच्या शिरा बारीक आहेत. अहवालात तसं नमूद आहे.

डॉक्टर म्हणतात, हात आधीपेक्षा सुधारला आहे, जेवण व्यवस्थित आहे, तेव्हा औषध थांबवू नका. चौथा डोस १ सप्टेंबरला. महिन्याभराने पुन्हा स्कॅन.

आई नाही म्हणते. "आता बस झालं," एवढंच. कारण सांगत नाही.

तू येण्याची गरज नाही. तुझा शब्द तिने कधी मोडला नाही, म्हणून तिला चार ओळी लिही. एक तारखेच्या आत त्या पोचणार नाहीत, तरी लिही.

आकांक्षा


कनेरगाव नाका
४ सप्टेंबर

दादा,

चौथा डोस चुकला.

एक तारखेला सकाळी सहा वाजता मी फाइल घेऊन तयार होते. आई ओट्यावर चहा पीत बसली होती. शेजारच्या चांगुणाबाई मेंढरं सोडण्याआधी रोज येऊन बसतात, तशा आल्या होत्या. त्यांच्यासमोर मी घरचं बोलत नाही, पण नांदेडच्या गाडीची वेळ झाली होती.

"आई, ऊठ."

"मी न्हाई येत म्हनलं ना."

"जाय की वं पद्माबाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "लेक येवढी सायेबीन. माह्या मेंढीला गाठ आली तं मी तिला तापला खिळा लावते. तुला तं सलाईन लावून राहिले."

"मंग तूच लाव खिळा."

"लावते. पन आधी कुठं लावू ते सांग. डोस्क्याला का जिभीला?"

"आधी तुह्या जिभीला लावून बघ. सारं गाव दुवा देईन."

दोघी पोट धरून हसल्या. गाडी गेली. ती नाक्यावरून गेल्याचा आवाज आईने ऐकला आणि कप खाली ठेवला.

चांगुणाबाई गेल्यावर मी विचारलं, "काहून?"

ती म्हणाली, "त्या नळीत निजवलं की डोळ्यावर आरसा असतोय."

एमआरआयच्या वेळी डोक्याला जो पिंजरा बसवतात त्याला एक आरसा असतो. आत झोपलेल्याला काचेपलीकडची खोली दिसावी, घाबरू नये, यासाठी तो असतो.

"त्यातून तू दिसत व्हतीस. तुहा बाप गेला तव्हा तुह्या तोंडावर काई नव्हतं. धम्मा भंते व्हाया गेला तव्हा बी नव्हतं. लोक म्हनले, पोरगी दगडाची हाये. त्या दिशी व्हतं."

"काय होतं?"

"मला काय इचारती? तोंड तुहं."

मागच्या पत्रात मी लिहिलं नाही, ते आता लिहिते. तो स्कॅन मी केला. माझी सहकारी प्रतिक्षा त्या दिवशी कामावर होती. घरच्या माणसाचा स्कॅन आपण करत नाही. असा लेखी नियम नाही, पण कुणीही करत नाही. मी तिला म्हटलं, मी करते. मला वाटलं, माझ्याइतकं नीट कुणी करणार नाही.

पेशंटला काही सांगायचं नाही, ही आमच्या कामातली पहिली शिकवण. चित्र आम्ही काढतो. ते वाचण्याचं काम रेडिओलॉजिस्टचं. मी आईला एक शब्द बोलले नव्हते. आता मी कितीही समजावलं तरी ती म्हणते, "आता धीर द्यायला बोलून राहिलीस. तव्हा खरं दिसलं."

मंगळवारी तिने शाळेतल्या धान्याच्या खोलीची किल्ली मुख्याध्यापिकाबाईंना परत दिली. काल मला बसवून कुठल्या डब्यात कुठलं बी ठेवलं आहे ते सांगितलं. वांग्याचं, दोडक्याचं, घोसाळ्याचं. मी डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. प्रत्येक चिठ्ठीवर तारीखही घातली. हे मी तुला का सांगते आहे, मला माहीत नाही.

आकांक्षा


हिंगोली
१५ सप्टेंबर

दादा,

एका पाकिटात तुझी दोन पत्रं मिळाली.

आधी माझ्यासाठी आहे त्याचं. तू लिहितोस की आईवडील आजारी असतील तर वर्षावासातूनही सात दिवस बाहेर पडता येतं, आणि तू ज्येष्ठ भंतेंना विचारलं आहेस. येऊ नकोस. आपल्या वस्तीत चीवर घातलेला माणूस कुणाच्या दारात कधी येतो? बाळाचं नाव ठेवायला, लग्न लावायला, आणि माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाला. आपल्या घरात बाळ नाही आणि लग्न नाही. मी आईला सहज विचारलं, दादा आला तर? ती म्हणाली, "आला म्हंजी समजायचं." एवढं बोलून ती भाजी निवडायला लागली.

आता दुसऱ्या पत्राचं. ते मीच तिला वाचून दाखवलं, कारण तिला चष्म्यातून एकाच्या दोन ओळी दिसतात. तू लिहिलंस, 'आई, उपचार घ्यायचे की नाही हे तुझ्या मनाने ठरव. जे उत्पन्न होतं ते लय पावतं. मी तुझ्या निर्णयासोबत आहे.'

तिने कागद कपाळाला लावला. म्हणाली, "बघ. भंतेजींनी परवानगी दिली."

तुझ्या परवानगीचा दिवस मला आठवतो. आईच्या संमतीशिवाय दीक्षा मिळत नाही, म्हणून तू कागद घेऊन आला होतास. मी दारात उभी होते. मी तिला म्हटलं, सही करू नको. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सही केली, आणि तुझ्यासाठी पुरणपोळी केली. मी जेवले नाही. ते तुला आठवत असेल.

तू सहीने गेलास. आता तिला जायची मोकळीक देतोस. मधे मी आहे.

मी समजूतदार वाक्यं मागितली नव्हती. 'औषध घे' एवढे दोनच शब्द हवे होते.

शेवटच्या डोसाला पस्तीस दिवस झाले. रोज सकाळी मी तिच्या डाव्या हातात भरलेला कप देते आणि दुसरीकडे पाहिल्यासारखं करते. आज बशीत चहा सांडला. काल सांडला नव्हता. ही गाठ आहे, सूज आहे, की कप जास्त भरला होता? मी कप मापाने भरते.

तुझ्या पत्राच्या शेवटी एक प्रश्न आहे. मला भीती वाटते का. हा प्रश्न मी सोडून देते आहे.

आकांक्षा


कनेरगाव नाका
२३ सप्टेंबर

दादा,

२७ ऑगस्टच्या पत्रात एक वाक्य आहे, आईच्या शिरा बारीक आहेत. वाक्य खरं आहे. कारण म्हणून ते खोटं आहे.

रक्त किती खेळतं ते मोजायचं तर स्कॅनचं वेगळं औषध शिरेत झपकन, काही सेकंदांत जावं लागतं. एका लोटात. पंपाने ढकलतात. त्यासाठी सुई जाड हवी. आमच्याकडे सुया रंगांनी ओळखतात. हिरवी जाड, गुलाबी मधली, निळी बारीक. या तपासणीला हिरवी लावायची, फार तर गुलाबी.

आई टेबलावर बसली होती. तीन सलाईनच्या खुणांनी दोन्ही हात काळेनिळे झालेले. मी हिरवी उघडली. तिने मान वळवली, डोळे मिटले आणि खालचा ओठ दातात धरला. आवाज केला नाही. मी हिरवी ट्रेमध्ये ठेवली आणि निळी लावली.

निळीतून तेवढ्या जोराने औषध सोडलं तर शीर फुटू शकते. म्हणून मी पंपाचा वेग निम्म्यापेक्षा कमी केला. औषध लोटाने गेलंच नाही, झिरपत गेलं. त्याचा आलेख सपाट येणार हे बटण दाबण्याआधी मला माहीत होतं. सपाट आला. सूज की वाढ, हे त्यावरून कुणालाच सांगता येईना. फॉर्मवर 'शिरा बारीक' असं कारण लिहिणारी मीच.

दुसऱ्या कुणाची आई असती तर मी हिरवी लावली असती. उत्तर त्याच आठवड्यात मिळालं असतं.

परवा, रविवारी, हे आईला सांगितलं. ती अंगणात दाण्याच्या शेंगा फोडत होती. मी समोर बसून सगळं क्रमाने सांगितलं. सुया दाखवायला आणल्या होत्या, त्याही दाखवल्या.

"म्हंजी तू चुकली?"

"हो."

"तू?"

"हो, आई."

ती हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला. मी पाणी दिलं.

"चौथीत येक पाढा चुकला म्हून दोन दिस जेवली न्हाईस तू. बाईला शाळेतून घरी यावं लागलं. येवढ्या साली काई चुकली न्हाईस, आन चुकली ती माह्यावरच!"

मी सुया उचलून ठेवल्या.

"तुला माही दया आली व्हती व्हय गं?" तिने शेंग ठेवली. "मंग आरशातलं ते तोंड कशाचं व्हतं?"

मी विचार करून उत्तर दिलं. मला पांढरा भाग मोठा दिसला. त्याच वेळी सपाट आलेखही दिसला. म्हणजे हे काय आहे ते आता कळणार नाही, आणि माझ्यामुळे कळणार नाही, हे एकदमच समजलं.

"त्यातलं गाठीचं किती आन तुह्या चुकीचं किती?"

"वेगळं करून सांगता येत नाही."

ती बराच वेळ शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "आन मी त्या तोंडावर भरोसा ठिवून किल्ली दिऊन आले!" हे रागाने म्हणाली. गेल्या महिन्याभरात ती पहिल्यांदाच रागावली.

"जाड सुई घाला म्हनाव. पन तू न्हाई. ती दुसरी पोरगी घालीन. तू भाईर बसायचं."

काल मी रेडिओलॉजिस्टना आणि नांदेडच्या डॉक्टरांना फोन करून खरं कारण सांगितलं. डॉक्टरांनी तो स्कॅन कोणत्या तारखेचा ते पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "चार आठवडे गेले, मॅडम." एवढंच म्हणाले. मी त्यांच्या जागी असते तर जास्त बोलले असते.

स्कॅन २९ सप्टेंबरला. आज चहा सांडला नाही. काल दोनदा सांडला. आता जे दिसेल ते स्पष्ट दिसेल, आणि दादा, त्याचीच मला जास्त धास्ती आहे. अंधुक होतं तोवर दोन्ही शक्य होतं.

आकांक्षा


कनेरगाव नाका
८ ऑक्टोबर

दादा,

तुझा वर्षावास संपला असेल. म्हणून हे सगळं एकदम लिहिते.

२९ तारखेला मी बाहेरच्या बाकावर बसले. तिथे इतकी वर्षं रोज माणसं बसलेली पाहिली, पण स्वतः कधी बसले नव्हते. तिथून मशीनचा आवाज ऐकू येतो. कुठला आवाज कशाचा ते मला कळतं, आणि त्याचा काही उपयोग होत नाही. शेजारी वसमतची एक बाई होती. ती म्हणाली, "तुमचं कोन हाये आत?" मी म्हटलं, "आई." कोट घातलेला पाहून ती गोंधळली.

वीस मिनिटांनी प्रतिक्षा बाहेर आली. दोनदा टोचलं, दोन्ही वेळा शीर निसटली. "ताई, गुलाबी लावू का?" तिने विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आतून आईचा आवाज आला, "आकूला धाडा! म्हनाव, दया तिथंच बाकावर ठिवून ये!"

मी आत गेले. कोपराच्या खाली आतल्या बाजूला एक शीर मला माहीत आहे. हिरवी उघडली. आईने या वेळी मान वळवली नाही. सुईकडे पाहत राहिली.

"मेले गं," ती म्हणाली. मग, "झालं?"

"झालं."

"मंग भाईर जाय."

मी गेले. पडद्यासमोर प्रतिक्षा बसली. आलेख नीट आला हे तिने काचेतून अंगठा दाखवून कळवलं. त्यापलीकडे मी काही विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. ती माझ्यापेक्षा चांगली तंत्रज्ञ आहे.

अहवाल दुसऱ्या दिवशी आला. पांढरा भाग २६ मिलिमीटर. त्यातल्या बहुतेक भागात निरोगी बाजूपेक्षाही कमी रक्त आहे, ०.८ पट. म्हणजे ती सूज असण्याची शक्यता जास्त. पण मागच्या कोपऱ्यात चार-पाच मिलिमीटरचा एक तुकडा आहे, तिथे १.७. हा आकडा ना इकडचा, ना तिकडचा. सूज निवळत असतानाचा असू शकतो. उरलेली गाठ जोर धरते आहे, असाही असू शकतो.

मी डॉक्टरांना विचारलं, "शक्यता जास्त म्हणजे किती?"

"आकडा मागू नका," ते म्हणाले. "डोस द्यायचा, एवढं नक्की आहे."

परवा, पौर्णिमेच्या दिवशी, नांदेडला चौथा डोस झाला. अडीच तास लागले. तीन आठवड्यांच्या अंतराने घ्यायचा तो आठ आठवड्यांनी. त्या पाच आठवड्यांत त्या कोपऱ्यात काय झालं असेल, हा हिशेब मी रोज करते आणि तो सुटत नाही. मी सुई बदलली नसती तर कोपरा असता का? हे कुठल्याही मशीनवर मोजता येत नाही.

परतताना कळमनुरीला गाडी बरीच रिकामी झाली. आई खिडकीशी बसली होती. म्हणाली, "आता खरं सांग. त्या कोपऱ्यात काय हाये?"

माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. एक धीराचं, एक आकड्यांचं, आणि तिसरं म्हणजे गप्प बसणं. तिसरं मला सगळ्यांत चांगलं जमतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"डाक्टरला?"

"त्यांनाही नाही."

"मंग कव्हा कळंल?"

"एक डिसेंबरला. पुढच्या स्कॅनमध्ये. तेव्हाही कळेलच असं नाही."

"तुला भ्याव वाटून राहिलं?"

"हो."

तिने माझा हात तिच्या डाव्या हातात घेतला. पकड किती आहे ते मी मनात मोजू लागले आणि मग मोजणं सोडून दिलं.

"बराबर," ती म्हणाली. "असं बोलत जाय. तू गप बसलीस की मला सारं दिसाया लागतं, न्हाई ते बी." थोड्या वेळाने म्हणाली, "धम्माला बी असंच लिही. बरी हाये म्हून लिहू नको, आन चालली म्हून बी लिहू नको."

म्हणून लिहिते. मला माहीत नाही, दादा. मला भीती वाटते, सकाळी उठल्यापासून वाटते, आणि कामावर मी तीच असते जी आधी होते.

एक डिसेंबर, सोमवार, सकाळी दहा. सुई मी लावणार आहे, ते आईने ठरवलं आहे. त्यानंतरची पन्नास मिनिटं मी बाहेर असेन. तू आलास तर कशाला आलास, ते आईला मी आधीच सांगून ठेवीन. त्या बाकावर दोघांना बसता येतं.

आकांक्षा